मेलबर्नमध्ये एक दिवस, दोघांचाच

साताऱ्याची_माई

मुलाकडे येऊन आम्हाला सात आठवडे झाले. पोरांनी एकही शनिवार-रविवार वाया जाऊ दिला नाही. ग्रेट ओशन रोड झाला, डँडेनाँगच्या डोंगरातली पफिंग बिलीची वाफेची गाडी झाली, फिलिप आयलंडचे पेंग्विन झाले. सगळं सुंदरच. पण गाडीच्या मागच्या सीटवरून बघितलेलं गाव आपलं होत नाही. "आई, ते बघा" असं सून म्हणेपर्यंत ते मागे गेलेलं असतं. शिवाय आठवडाभर राबलेली पोरं आपल्यापायी सुट्टीची झोप मोडतात, तेही मनाला लागतं.

म्हणून गेल्या गुरुवारी आम्ही दोघंच शहर बघायला गेलो. ह्यांचं वय ६८, माझं ६५. हे सातारा आगारात ३४ वर्षं एसटी चालक होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांना गावोगाव पोचवलं आणि मी सहलीला नेलेली पोरं मोजली. शाळेबरोबर रायगड आठ वेळा झाला, पण डोकी मोजण्याच्या घोरात टकमक टोकावरून खाली नीट पाहिलं ते नवव्यांदा, निवृत्त झाल्यावर. कुणाचीही जबाबदारी अंगावर नसताना परक्या गावात दिवसभर हिंडायची ही आमची पहिलीच वेळ. पोरांकडे आलेल्या इतर आई-वडिलांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं स्टेशन ग्लेन वेव्हर्ली मार्गावर आहे. ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघालो. मुलाने मायकी कार्डात, म्हणजे इथल्या गाड्या-ट्रॅमच्या भाड्याच्या कार्डात, पैसे भरून दिले होते. रिचमंड स्टेशन सुटलं की उजव्या हाताला एमसीजी, म्हणजे मेलबर्नचं मोठं क्रिकेट मैदान, दिसतं. हे खिडकीशी उठून उभे राहिले आणि मैदान दिसेनासं होईपर्यंत बसले नाहीत.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन १९१० साली पुरं झालं. पिवळी लांबलचक इमारत, वर तांब्याचा हिरवा पडलेला घुमट. दारावर घड्याळांची रांग आहे, कुठल्या मार्गाची पुढची गाडी किती वाजता ते सांगणारी. १९८३ मध्ये ती काढून डिजिटल पाट्या लावायचं ठरलं, तेव्हा लोकांनी एवढा गिल्ला केला की जुनीच परत बसवावी लागली. इथले लोक "घड्याळांखाली भेटू" म्हणतात. आम्हीही ठरवलं, चुकामूक झाली तर इथेच यायचं. लग्न ठरल्यावर आम्ही साताऱ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी भेटायचो. मी काही बोलायच्या आधी ह्यांनीच त्या खिडकीची आठवण काढली.

तिथून ३५ नंबरची सिटी सर्कल ट्रॅम धरली. आतून लाकूडकाम असलेली जुनी ट्रॅम, शहराच्या मध्यभागाला वळसा घालते आणि तिकीट नाही. हे पुढची जागा धरून बसले. बाहेरच्या इमारती मी बघत होते, ह्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर. इथली एक रीत त्यांना फार पटली. काही चौकांत उजवीकडे वळणारी मोटार मधे घुसून थांबत नाही. ती डाव्या कडेला जाऊन उभी राहते आणि आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा व्हायला आला की मग वळते, त्यामुळे मधल्या रुळांवर ट्रॅम अडत नाही. "आंबेनळी घाटात आयुष्य गेलं, पण उजवीकडे जायला आधी डावीकडे जायचं हे डोक्यात आलं नव्हतं," असं म्हणत त्यांनी चार चौक तेच बघितलं. मग मला म्हणाले, "ह्याला स्टिअरिंग नाही, म्हणजे सोपं वाटेल. पण लोखंडावर लोखंड आहे, थांबवणं किती कठीण असेल!" चाकं घसरू नयेत म्हणून ट्रॅम रुळांवर वाळू सोडते, हे त्यांना मुलाने आधी सांगितलं होतं, ते मला पुन्हा समजावून सांगितलं. उतरल्यावर त्यांनी चालकाला हात केला, समोरून येणाऱ्या एसटीला करतात तसा. त्याने घंटा वाजवली. ह्यांचा चेहरा मी बराच वेळ बघत राहिले.

आम्ही उतरलो ते राज्य ग्रंथालयापाशी. हे १८५६ मध्ये सुरू झालं, पहिल्यापासून सगळ्यांना मोफत. आत १९१३ सालची अष्टकोनी वाचनाची खोली आहे, वर प्रचंड घुमट, मधून आरे निघावेत तशी टेबलं. मी एक खुर्ची धरली आणि अर्धा तास नुसती बसले. कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण, सभासद आहात का. शेजारी एक मुलगी कसलासा अभ्यास करत होती, तिने माझ्यासाठी आपली पिशवी उचलून घेतली, एवढंच. आमच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असायची. ते कपाट मी रोज उघडायला हवं होतं, असं तिथे बसून फार वाटलं.

वरच्या मजल्यावर नेड केली ह्या दरोडेखोराचं लोखंडी चिलखत ठेवलं आहे, ह्यांनी ते बघितलं. मी खालीच होते.

बाहेर हिरवळीवर डबा उघडला. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. समोर माणसं गुडघ्याएवढ्या सोंगट्यांनी बुद्धिबळ खेळत होती.

मग स्वॉन्स्टन स्ट्रीटवरून ट्रॅमने श्राइन ऑफ रिमेंबरन्सला गेलो. हे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं स्मारक, १९३४ सालचं. वाटेत पाऊस आला, ऊन आलं, पुन्हा पाऊस. एका दिवसात चार ऋतू म्हणतात ते खोटं नाही, छत्री आणि स्वेटर दोन्ही लागतात. स्मारकाच्या आत मधोमध एक शिळा आहे. ती जमिनीच्या पातळीखाली बसवली आहे, कारण वाचायचं तर मान झुकवावी लागावी. दर वर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता छतातल्या फटीतून उन्हाची तिरीप येते आणि शिळेवरच्या 'प्रेम' ह्या शब्दावरून सरकते. १९७१ पासून इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे सूर्याची वेळ चुकली. आता आरसा लावून ती तिरीप आणतात. इतर दिवशी दर अर्ध्या तासाने दिवा लावून तसंच दाखवतात. दिवे मंद झाले, तो प्रकाश सरकला आणि अख्खा कक्ष चिडीचूप झाला.

बाजूच्या दालनात ब्राँझच्या पेट्या आहेत. त्यांत हाताने लिहिलेली पुस्तकं, युद्धावर गेलेल्या माणसांच्या नावांची. वळणदार, एकसारखं अक्षर. मी शिक्षिका, अक्षराकडेच आधी बघणार. हे मात्र तिथून हलेनात. ह्यांचं गाव अपशिंग्याजवळ. अपशिंगे मिलिटरी म्हणतात त्याला, घरटी माणूस फौजेत. ह्यांचे एक चुलत आजोबा त्याच युद्धात बसऱ्याकडे गेले आणि परत आले नाहीत. आपल्याकडे कितीतरी गावांत इंग्रजांनी लावलेल्या शिळा आहेत: ह्या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. आकडा असतो, नावं नसतात. हे हळूच म्हणाले, "इथे प्रत्येकाचं नाव आहे गं." आणि मग त्यांनी त्या पेटीसमोर आपल्या आजोबांचं नाव उच्चारलं. मी ते लग्नानंतर ४१ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

स्मारकाला लागूनच रॉयल बोटॅनिक गार्डन्स आहे, १८४६ सालची, ३८ हेक्टर. तळ्याकाठच्या बाकावर थर्मासमधला चहा प्यायलो. तळ्यात कृष्णेतल्या वामीसारखे लांब मासे आहेत. वाढ पूर्ण झाली की ते नदीत उतरतात, तिथून समुद्रात आणि थेट उत्तरेला कोरल समुद्रापर्यंत जातात अंडी घालायला. तिथली पिल्लं पुन्हा प्रवाहाबरोबर इकडे येतात. हे फलकावर वाचलं आणि दोघंही गप्प बसलो. दोन्ही पोरं परदेशात असलेल्या घरचे आम्ही.

सहाच्या आत काळोख होतो म्हणून पाचला परत फिरलो. मार्केट, एमसीजी, नदीवरची बोट, काहीच झालं नाही. दिवसाला तीन ठिकाणं पुष्कळ होतात.

पेणकर

माई, सुरेख लिहिलंय. दोन प्रश्न. पुढच्या महिन्यात आम्ही येतोय, सौ.चे गुडघे दुखतात. चढ-उतार किती? आणि स्वच्छतागृहांचं काय? ह्या वयात तेच आधी बघावं लागतं.

साताऱ्याची_माई

पेणकर, बरं झालं विचारलंत. सिटी सर्कलच्या जुन्या ट्रॅमला पायऱ्या आहेत आणि त्या उंच आहेत. वहिनींना चढता आलं नाही तर त्याच भागातून धावणाऱ्या नव्या, बुटक्या ट्रॅम घ्या. बरेचसे थांबे फलाटासारखे उंच केलेत, तिथून सरळ पाऊल आत पडतं. स्वच्छतागृहं ग्रंथालयात, स्मारकात, बागेत, सगळीकडे आहेत. स्वच्छ आणि मोफत. मी मुद्दाम प्रत्येक ठिकाणी जाऊन आले, लागो न लागो. सहलीला मुलींना हेच सांगायचे. स्मारकाच्या गच्चीवर जायचं तर पायऱ्या चढाव्या लागतात, आम्ही गेलो नाही.

यारातीरी

माई, नमस्कार. २१ वर्षं मेलबर्नमध्ये आहे. माझे आई-बाबा पाच वेळा येऊन गेले, पण दोघंच शहरात कधी गेले नाहीत. आता दोघंही नाहीत. तुमचं वाचून मी त्यांना एकदा तरी 'जा' म्हणायला हवं होतं असं वाटलं.

येणाऱ्यांसाठी थोडी भर. शहराच्या मध्यभागात २०१५ पासून सगळ्याच ट्रॅम मोफत आहेत, एकटी ३५ नंबरचीच नव्हे. त्या हद्दीत मायकी टेकवायचंच नाही, टेकवलं तर पैसे कापले जातात. ही हद्द दक्षिणेला फ्लिंडर्स स्ट्रीटपाशी संपते. पुढे नदी ओलांडून कलादालन, स्मारक किंवा बागेकडे जायचं तर चढल्या चढल्या कार्ड टेकवा. ट्रॅममधून उतरताना पुन्हा टेकवायची गरज नाही. रेल्वेला मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. भाडं दोन तासांचं असतं आणि दिवसाला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त कापलं जात नाही, म्हणून कितीही वेळा चढा-उतरा. ज्येष्ठांचं सवलतीचं कार्ड फक्त इथल्या रहिवाशांना मिळतं, पर्यटक व्हिसावर आलेल्यांना नाही. त्यावर अवलंबून राहू नका.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद असतं. माझ्या मावशीला घेऊन मी स्वतः एका बुधवारी तिथे गेलो आहे.

आणि एक मनापासून. ज्या नदीकाठी तुम्ही फिरलात तिचं खरं नाव यारा नाही. १८३५ साली वेज नावाच्या भूमापकाने इथल्या मूळ रहिवाशांच्या तोंडचा एक शब्द नदीचं नाव समजून लिहून घेतला. वुरुंजेरी लोक तिला बिरारुंग म्हणतात. माझ्या मुलीच्या शाळेत आता हे शिकवतात. फेडरेशन स्क्वेअरमध्ये त्यांच्या कलेचं आणि वारशाचं दालन आहे, पुढच्या फेरीत जरूर बघा.

गिरगावकर_बापू

वा माई! फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवरून आठवलं. मी लहानपणी ऐकलंय की त्या स्टेशनचा नकाशा मुळात मुंबईसाठी होता आणि आपल्या व्हीटीचा मेलबर्नसाठी. लंडनच्या कचेरीत कागदांची अदलाबदल झाली. तो घुमट बघून खरंच वाटतं.

इतिहासवेडा

बापू, ही गोष्ट मेलबर्नमध्येही सांगतात, पण तारखा जुळत नाहीत. आपल्या व्हीटीचं काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षांत संपलं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली ती १८९९ मध्ये, आणि ती जिंकली फॉसेट आणि ॲशवर्थ ह्या रेल्वेतल्याच दोन नोकरांनी. म्हणजे मुंबईचं स्टेशन उभं राहून दहा-अकरा वर्षं झाल्यावर. अदलाबदल व्हायला दोन्ही कागद एकाच वेळी टेबलावर हवेत.

पण दोन्ही शहरांत एक खरं नातं आहे. युनेस्कोने व्हीटीला जागतिक वारसा म्हटलं ते २००४ मध्ये, आणि त्याच वर्षी मेलबर्नच्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगला आणि भोवतीच्या कार्लटन गार्डन्सला. माई, तुमची ट्रॅम तिथून गेली असणार. ती इमारत १८८० च्या प्रदर्शनासाठी बांधली. ९ मे १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन तिच्यातच झालं.

गिरगावकर_बापू

मान्य. साठ वर्षं सांगत आलेली गोष्ट आज सोडतो. मुंबईच्या ट्रॅमबद्दल मात्र मी स्वतः बघितलेलं सांगतो. ३१ मार्च १९६४ ला रात्री शेवटची ट्रॅम गेली तेव्हा वडील मला खांद्यावर घेऊन रस्त्यावर उभे होते. सगळा मोहल्ला रस्त्यावर. माईंच्या यजमानांनी चालकाला हात केला आणि त्याने घंटा वाजवली, तिथे मला भरून आलं.

अपर्णा_टारनीट

माई, तुम्हाला एक विचारायचं आहे. माझे आई-बाबा अडीच महिन्यांपासून आमच्याकडे आहेत. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत. दिवसभर ते घरात. बाबा औरंगाबादला रोज सकाळी सहा किलोमीटर चालायचे, इथे फाटकाबाहेर जायला नको म्हणतात. इंग्रजी बोलता येत नाही ह्याची त्यांना लाज वाटते. "कुणी काही विचारलं तर?" एवढंच म्हणतात. आई तयार आहे, पण बाबांना सोडून जाणार नाही. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा दोघंही खिडकीशी बसलेले असतात, आणि मला रोज रडू येतं.

स्मिता_पर्थ

अपर्णा, माझ्या सासूबाईंचं हेच होतं. मला तर त्यांना एकटं पाठवायचीच भीती वाटायची, काही झालं तर? शेवटी तीन गोष्टी केल्या. पहिली, प्रवासाचा आरोग्य विमा नीट वाचला आणि त्याची प्रत त्यांच्या पर्समध्ये ठेवली. दुसरी, इथला आणीबाणीचा नंबर ००० फोनवर मोठ्या अक्षरात लावला. मोबाइलवरून ११२ लावला तरी जोडतो, तो त्यांना भारतातला म्हणून पाठ होता. तिसरी, मी त्यांचं लोकेशन बघत राहणं बंद केलं. तिसरी सगळ्यात अवघड गेली.

साताऱ्याची_माई

अपर्णा, बाळा, तुझा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनाही इंग्रजी येत नाही. हे सांगतात तसं पुढे टंकते:

"अपर्णाताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी सातवी शिकलेला माणूस. गाडीवर असताना बाहेरच्या राज्यातले प्रवासी यायचे, भाषा कळायची नाही, पण हातात गावाच्या नावाची चिठ्ठी असली की मी त्यांना बरोबर उतरवायचो. त्यांना कधी लाज वाटली नाही आणि मला कधी राग आला नाही. इथे मी तेच केलं. मुलाकडून दोन चिठ्ठ्या लिहून घेतल्या, एकीवर घराजवळच्या स्टेशनचं नाव आणि पत्ता, दुसरीवर फ्लिंडर्स स्ट्रीट. मुलाचा नंबर दोन्हींवर. दिवसभरात चिठ्ठी एकदाच काढावी लागली. परत येताना फलाट कळेना, निळ्या-पिवळ्या जाकिटातल्या बाईला दाखवली. तिने बोटाने दाखवलं आणि हसली. मी 'थँक्यू' म्हणालो. दिवसभरात एवढंच इंग्रजी लागलं.

"पहिल्याच दिवशी शहर बघायला जायचं नाही. नुसतं जायचं आणि परत यायचं. नवीन मार्गावर चालकालाही आधी एक फेरी बघायला देतात. एकदा रस्ता पायाखाली आला की माणूस आपोआप मान वर करून बघायला लागतो."

आता माझं. तू रजा काढून त्यांच्याबरोबर जाऊ नकोस. पहिली फेरी त्यांची त्यांना करू दे. तू बरोबर असलीस की बाबा तुझ्या मागे मागे चालतील.

चेंडूफळी

काकांना एमसीजीसमोर खिडकीत उभं राहावंसं वाटलं ह्यात नवल नाही. १९८१ च्या फेब्रुवारीत ह्याच मैदानावर गावसकरला लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं, बॅट लागली होती असं त्याचं म्हणणं होतं, आणि तो चेतन चौहानला घेऊन बाहेर निघाला होता. व्यवस्थापकांनी सीमारेषेवर येऊन चौहानला परत पाठवलं म्हणून कसोटी वाचली. ऑस्ट्रेलियाला १४३ हवे होते, ८३ त गुंडाळलं. कपिलने २८ धावांत ५, तेही मांडी दुखत असताना. आणि २०२० चा डिसेंबर कोण विसरेल! ॲडलेडला ३६ वर डाव आटोपलेला, कोहली घरी परतलेला, आणि दहा दिवसांत आपल्या डोंबिवलीच्या अजिंक्यने एमसीजीवर ११२ करून सामना जिंकून दिला. त्याला मिळालेलं पदक जॉनी मुल्लाघच्या नावाचं. मुल्लाघ हा १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या मूळ रहिवाशांच्या संघातला खेळाडू, आणि हे पदक त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं. यारातीरींनी नदीचं नाव सांगितलं म्हणून हेही सांगावंसं वाटलं.

सामना नसलेल्या दिवशी मैदान आतून दाखवतात. तिकीट आहे, पण काकांना न्याच.

साताऱ्याची_माई

चेंडूफळी, १९८१ ची ती सकाळ ह्यांना लख्ख आठवते. तेव्हा नोकरीला लागून वर्षच झालं होतं. आगाराबाहेरच्या टपरीवर ट्रान्झिस्टर, आणि पहाटेच्या गाड्या सोडायला माणसं हलेनात. महाबळेश्वरची गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली आणि एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही, असं हे सांगतात. पुढच्या गुरुवारी एमसीजी नक्की केलं आहे. मी बाहेरच्या झाडांखाली बसणार होते, पण आता मलाही आत जायचंय.

पेणकर

आमची तिकिटं झाली. माई, लोणचं-मसाले आणता येतात का?

यारातीरी

पेणकर, विमानात एक अर्ज भरायला देतात, त्यावर खाण्याची प्रत्येक वस्तू आहे म्हणून सांगायची. मसाला, लोणचं, चिवडा, काहीही असो. सांगितलं की अधिकारी बघतात, चालण्यासारखं असेल तर परत देतात, नसेल तर काढून घेतात. दंड लपवलं तर होतो, तोही मोठा. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं आणूच नका, पूजेची पानं-फुलंसुद्धा नकोत.

अपर्णा_टारनीट

माई, काका, नऊ दिवसांनी लिहितेय.

काकांचा निरोप बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या मुलाकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, पण दोन नाही, चार. मंगळवारी दोघं टारनीटहून गाडीत बसून शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनपर्यंत गेले, फलाटावरच्या बाकावर पंधरा मिनिटं बसले आणि परत आले. आईने मला दुपारी फोन केला, "आम्ही जाऊन आलो." मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ऐकलं.

आज ते मार्केटला गेले होते. बुधवार टाळून, गुरुवारी. ट्रॅममध्ये कार्ड टेकवलं नाही, हे बाबांनी मला तीनदा सांगितलं. एका भाजीवाल्याशी त्यांची घासाघीस झाली म्हणे, बोटांवर. मेथी मिळाली, ती निवडत आई आता टीव्हीसमोर बसली आहे. येताना माझ्यासाठी तिथले जॅमचे गरम डोनट आणले होते. टारनीटला पोचेपर्यंत कागदी पिशवीत पार थंड झाले होते. मी उभ्या उभ्या दोन खाल्ले, आणि बाबा विचारत होते, "शनिवारी तुला सुट्टी आहे ना? चल, तुला दाखवतो कुठे मिळतात."